पाळण्याशेजारचा शास्त्रज्ञ

समोरच्या माणसाची हालचाल तान्ह्या मुलाला कशी कळते आणि तिच्यातून ते काय शिकते, या प्रश्नाचा पाठपुरावा झाँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या तीन मुलांच्या सहवासात केला. त्यांनी बांधलेल्या काही अंदाजांना पुढे धक्के बसले. तरीही बाळाची बुद्धी त्याच्या हातापायांतून उगवते, हे त्यांचे मूळ प्रतिपादन आजही संशोधकांना सोबत करते आहे.

सोळा महिन्यांची एक मुलगी आणि तिच्यापुढे एक आगपेटी. पेटीत घड्याळाची साखळी ठेवलेली, आणि पेटीची फट जेमतेम तीन मिलिमीटर उघडी. याआधी तिने पेटी उलटी करून साखळी बाहेर पाडली होती. फट रुंद असताना बोट घालून ती ओढूनही काढली होती. या खेपेस मात्र बोट आत जाईना. पेटी सरकवून कशी उघडतात, हे तिला ठाऊक नव्हते. ती क्षणभर थबकली, फटीकडे लक्षपूर्वक पाहू लागली, आणि मग तिने स्वतःचे तोंड उघडले व मिटले. प्रथम किंचित, मग थोडे अधिक, मग आणखी मोठे. त्यानंतर लगेच तिने फटीत बोट अडकवून ती ओढली. पेटी उघडली आणि साखळी हाती आली.

ही घटना १९२८ सालची. मुलीचे नाव ल्युसिएन. शेजारी बसून तिची प्रत्येक हालचाल टिपून घेणारा गृहस्थ तिचा पिता होता. दुसऱ्या कोणी ही गोष्ट पाहिली असती, तर मुलीच्या चाळ्याला हसून ती विसरून गेली असती. पियाजे यांना त्यात मानवी विचाराचा एक आरंभ दिसला. ल्युसिएनपाशी शब्द नव्हते. फट मोठी व्हायला हवी, हा विचार तिने आपल्या तोंडाने केला होता. जे मनात धरायचे ते शरीराने करून पाहायचे, हा बाळाचा मार्ग पियाजे यांच्या साऱ्या संशोधनाच्या केंद्रस्थानी राहिला.

महाराष्ट्रात डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या बहुतेकांना हे नाव परिचित असते. पाठ्यपुस्तकांत त्याचा उच्चार अनेकदा जीन पियाजे असा होतो, आणि परीक्षेपुरत्या चार अवस्था पाठ केल्या की ते मागे पडते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आपल्याकडील शाळांत ज्ञानरचनावाद हा शब्द रुळला. त्या विचाराचे एक प्रमुख मूळ पियाजे यांच्यापर्यंत जाते. मूल ज्ञान घेत नाही, ते घडवते, हा विचार मात्र शाळेच्या वर्गात जन्मलेला नाही. तो पाळण्याशेजारी जन्मला.

गोगलगायींचा संग्राहक

झाँ पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या तळ्याकाठच्या गावी झाला. वडील आर्थर पियाजे मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक होते. पुराव्यावाचून एक ओळही न लिहिणारे, काटेकोर वृत्तीचे विद्वान अशी त्यांची ख्याती होती. आई रेबेका जॅक्सन बुद्धिमान आणि मनाने प्रेमळ, परंतु तिच्या अस्वस्थ मनःस्थितीचे सावट घरावर सतत असे. या घरातील मुलाने फार लवकर खेळ बाजूला सारला आणि वडिलांप्रमाणे गंभीर अभ्यासाचा आसरा घेतला. पुढील आयुष्यात पियाजे यांनी आपल्या या वळणाचा संबंध आईच्या आजाराशी जोडला होता. मुलांच्या खेळाचा इतका बारकाईने अभ्यास करणाऱ्या माणसाचे स्वतःचे बालपण खेळाविनाच सरले, हा त्यांच्या चरित्रातील एक विलक्षण विरोधाभास म्हणावा लागेल.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी बागेत पाहिलेल्या एका पांढऱ्या चिमणीविषयी छोटे टिपण लिहिले आणि ते स्थानिक निसर्गविषयक नियतकालिकात छापून आले. त्या बळावर त्यांनी गावातील निसर्गेतिहास संग्रहालयात प्रवेश मिळवला. संचालक पॉल गोदे यांच्या हाताखाली शंखशिंपल्यांची आणि गोगलगायींची वर्गवारी करण्याचे काम ते करू लागले. १९११ मध्ये गोदे निवर्तले, तेव्हा या शिष्यापाशी स्वतंत्रपणे लेख लिहिण्याइतके ज्ञान जमा झाले होते. त्याचे लेख वाचून जिनिव्हाच्या संग्रहालयातील एका पदासाठी त्याला विचारणाही झाली. लेखक अजून शाळेत जातो, हे विचारणाऱ्यांना माहीत नव्हते. शिक्षण पुरे व्हायचे असल्याने त्याला नकार कळवावा लागला.

मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासातून पियाजे यांनी एक मोठा धडा घेतला. तळ्यात राहणाऱ्या एका जातीच्या गोगलगायींचे शंख शांत पाण्यात लांबट असतात. लाटांचा मारा बसणाऱ्या किनाऱ्यावर ते आखूड आणि फुगीर होतात. सजीव परिस्थितीला केवळ शरण जात नाही. आपल्या हालचालींनी तिला तोंड देताना तो स्वतः बदलतो, असे पियाजे यांच्या मनाने घेतले. १९१८ मध्ये न्यूशातेल विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, तीही मृदुकाय प्राण्यांवरील प्रबंधासाठी. औपचारिक शिक्षणाने ते जीवशास्त्रज्ञ होते, आणि पुढे बाळाकडे पाहतानाही त्यांची ती दृष्टी सुटली नाही.

चुकीच्या उत्तरांमागे

मानसशास्त्राच्या ओढीने ते झ्युरिक येथे काही काळ राहिले आणि १९१९ मध्ये पॅरिसला पोहोचले. आल्फ्रेड बिने यांच्यासमवेत बुद्धिमापन चाचण्या तयार करणारे थिओडोर सिमाँ यांनी या तरुणावर एक रुक्ष काम सोपवले. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या तर्कशक्तीच्या चाचण्या पॅरिसच्या शाळकरी मुलांवर वापरून त्यांचे प्रमाणीकरण करायचे होते. बरोबर उत्तरे मोजायची, वयानुसार सरासरी काढायची, इतकेच ते काम होते. पियाजे यांचे लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे वळले. एका वयाची मुले एकाच पद्धतीने चुकत होती. त्या चुकांत अज्ञान नव्हते, एक वेगळी सुसंगती होती. ती समजून घेण्यासाठी ते मुलांशी मोकळेपणाने बोलत बसू लागले.

या कामाची दखल घेऊन एदुआर क्लापारेद यांनी त्यांना १९२१ मध्ये जिनिव्हाच्या झाँ-झाक रूसो संस्थेत संशोधनप्रमुख म्हणून बोलावले. तेथेच व्हॅलेंटाइन शातने या विद्यार्थिनीशी त्यांची ओळख झाली आणि १९२३ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी मुलांची भाषा आणि विचार यांवरील त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि तिशी गाठण्यापूर्वीच त्यांचे नाव युरोपभर झाले. या कीर्तीने ते समाधानी नव्हते. बोलणाऱ्या मुलाशी संवाद साधता येतो. ज्याला अजून वाचाच फुटलेली नाही, त्याच्या मनात काय चालते हे कसे जाणायचे? विचार भाषेपासून सुरू होतो, की भाषेच्या कितीतरी आधी?

घरातील नोंदवह्या

१९२५ मध्ये जॅकलिनचा जन्म झाला, १९२७ मध्ये ल्युसिएनचा आणि १९३१ मध्ये लोराँचा. या तिघांच्या जन्मापासूनच्या नोंदी पियाजे दांपत्याने ठेवल्या. आपल्या मुलांच्या वाढीची टिपणे काढणारे पियाजे पहिलेच नव्हेत. चार्ल्स डार्विन यांनीही ती काढली होती. पियाजे यांनी निरीक्षणाला छोट्या छोट्या प्रयोगांची जोड दिली. बाळ खुळखुळ्याकडे पाहत असेल तर तो कापडाखाली झाकायचा. पाळण्याच्या छतावर बाहुल्या टांगायच्या. समोर बसून हाताची मूठ उघडायची व मिटायची, आणि मग बाळ काय करते ते दिनांकासह, वयाचे वर्ष, महिने व दिवस नोंदवून लिहून ठेवायचे.

या नेमस्तपणामागे स्मरणशक्तीविषयीचा एक अविश्वासही असावा. पियाजे यांना लहानपणीची एक आठवण स्पष्ट चित्रासारखी दिसत असे. पॅरिसच्या शाँझेलिझे मार्गावर दाई त्यांना बाबागाडीतून नेत असताना कोणा माणसाने त्यांना पळवण्याचा प्रयत्न केला. दाईने प्रतिकार केला, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, पोलीस धावून आला. ते पंधरा वर्षांचे असताना त्या दाईचे पत्र घरी आले. सारी कहाणी तिने रचलेली होती. बक्षीस म्हणून मिळालेले घड्याळही तिने परत केले. ऐकलेल्या गोष्टीचे डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्यात कसे रूपांतर होते, याचे उदाहरण म्हणून पियाजे यांनी पुढे हा प्रसंग पुस्तकात नोंदवला. डोळ्यांपुढे घडलेले त्याच वेळी लिहून ठेवण्याची गरज अशा माणसाला वेगळी पटवून द्यावी लागली नसेल.

या नोंदींत व्हॅलेंटाइन यांचा वाटा मोठा होता. त्या स्वतः मानसशास्त्राच्या प्रशिक्षित अभ्यासक होत्या आणि मुलांच्या सहवासात दिवसभर असणाऱ्याही त्याच होत्या. त्यांच्या सहकार्याचा उल्लेख पुस्तकांत येतो, परंतु मुखपृष्ठावर नाव एकट्या पियाजे यांचे राहिले. या नोंदींतून बुद्धीचा उगम सांगणारा ग्रंथ १९३६ मध्ये, मुलाच्या मनातील वास्तवाची घडण सांगणारा १९३७ मध्ये, तर अनुकरण, खेळ आणि स्वप्न यांचा वेध घेणारा १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. बालमानसशास्त्राच्या इतिहासात इतक्या थोड्या मुलांवर इतके मोठे बांधकाम क्वचितच उभे राहिले असेल.

न दिसणारा चेहरा

पहिली दोन वर्षे ही पियाजे यांच्या मांडणीत संवेदन-कारक अवस्था ठरते. संवेदना आणि हालचाल यांच्या जोडीनेच मूल जग ओळखते, असा तिचा अर्थ. काही महिन्यांच्या ल्युसिएनने पाय झाडले, पाळणा हलला आणि वर टांगलेल्या बाहुल्या डोलल्या. तिने पुन्हा पाय झाडले, मग पुन्हा. योगायोगाने घडलेली हालचाल हेतूने केलेली हालचाल बनली. नव्या गोष्टीला जुन्या हालचालीत सामावून घेणे म्हणजे सात्मीकरण, आणि नव्या गोष्टीसाठी जुनी हालचाल बदलणे म्हणजे समायोजन. तळ्यातील गोगलगाय आणि पाळण्यातील मूल यांना पियाजे एकाच जीवशास्त्रीय सूत्रात ओवत होते.

दुसऱ्या माणसाच्या हालचालीचे अनुकरण हा समायोजनाचा सर्वांत शुद्ध नमुना होय, असे त्यांचे मत होते. त्याची पायरीपायरीने होणारी प्रगती त्यांनी तपशिलात मांडली. अगदी सुरुवातीला बाळ खऱ्या अर्थाने अनुकरण करत नाही. पुढे, बाळाने नुकताच काढलेला आवाज किंवा केलेली हालचाल मोठ्या माणसाने लगेच करून दाखवली, तर बाळ ती चालू ठेवते. चार महिन्यांनंतर ते समोरच्याच्या हाताची हालचाल उचलू लागते, पण दोन अटींवर: ती त्याला आधीपासून येत असावी, आणि ती करताना स्वतःचा हात त्याला दिसत असावा.

खरे कोडे चेहऱ्याचे होते. बाळाला स्वतःचा हात दिसतो. स्वतःची जीभ, ओठ, पापण्या दिसत नाहीत. समोरच्याची जीभ डोळ्यांना कळते, आपली जीभ फक्त आतून जाणवते. या दोन अनुभवांचा मेळ बाळ कसा घालते? पियाजे यांनी मुलांसमोर डोळे उघडून मिटून दाखवले, तेव्हा उत्तरादाखल मुलांनी कधी हाताची मूठ उघडली व मिटली, कधी तोंड उघडले व मिटले. चूक झाली होती, पण ती पॅरिसच्या शाळकरी मुलांच्या चुकांसारखीच सुसंगत होती. उघडणे आणि मिटणे ही क्रिया बाळाला कळली होती. ती आपल्या शरीरात कोठे करायची, एवढेच सापडत नव्हते. चेहऱ्याचे असे अनुकरण आठव्या महिन्यापासून पुढे, पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात साधते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शेवटची पायरी जॅकलिनने दाखवली. ती सोळा महिन्यांची असताना दीड वर्षाचा एक मुलगा घरी आला होता. मुलांना खेळायला ठेवतात त्या लाकडी कठड्यातून बाहेर पडण्यासाठी तो किंचाळला, कठडा मागे ढकलू लागला, पाय आपटू लागला. असा थयथयाट जॅकलिनने कधी पाहिला नव्हता. ती अवाक् होऊन बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या कठड्यात ती स्वतः ओरडली, कठडा हलवू लागली आणि एकामागून एक हलकेच पाय आपटू लागली. समोर आता तो मुलगा नव्हता. पाहिलेली हालचाल रात्रभर तिच्या मनात टिकली होती. मनात प्रतिमा धरून ठेवण्याची शक्ती येथे सिद्ध होत होती, आणि शब्द, खेळ व कल्पना यांचा मार्ग पियाजे यांच्या मते येथूनच निघत होता.

एकाकी बाळावर आक्षेप

पियाजे यांच्या बाळावरचा एक आक्षेप जुना आहे: ते फार एकटे वाटते. योगायोग असा की, हा आक्षेप प्रभावीपणे मांडणारे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांचा जन्मही १८९६ चाच. मूल आधी माणसांत वाढते आणि मग स्वतःच्या मनात विचार करू लागते, अशी त्यांची भूमिका होती. १९३४ मध्ये क्षयाने त्यांचा अकाली अंत झाला. त्यांच्या टीकेला पियाजे यांनी लेखी प्रतिसाद दिला तो १९६२ साली, म्हणजे टीकाकार गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. अनेक मुद्दे त्यांनी मान्य केले, काही ठिकाणी मतभेद कायम ठेवले. ज्याच्याशी वाद घालायचा तो समोर नव्हता.

अमेरिकेत तर बराच काळ पियाजे यांच्या अर्भकसंशोधनाकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. तेथे वर्तनवादाचा पगडा होता, आणि तीन मुलांच्या, तीही स्वतःच्या मुलांच्या नोंदींना शास्त्र मानायला अनेकांची तयारी नव्हती. पन्नाशीच्या दशकात इंग्रजी अनुवाद आले आणि साठीच्या दशकात चित्र पालटले. मात्र ज्या पिढीने पियाजे यांना डोक्यावर घेतले, तिनेच त्यांच्या निष्कर्षांची कसून तपासणीही केली.

१९७७ मध्ये अँड्र्यू मेल्टझॉफ आणि कीथ मूर यांनी सायन्स या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोन-तीन आठवड्यांची बाळे समोरच्या माणसाने जीभ बाहेर काढली की जीभ काढतात, तोंड उघडले की तोंड उघडतात, असा त्यांचा दावा होता. १९८३ मध्ये त्यांनी हा दावा जन्मून काही तास वा दिवस झालेल्या बाळांपर्यंत नेला. तो खरा असेल, तर जे साधायला आठ महिने लागतात असे पियाजे म्हणत, ते बाळ जन्मतःच घेऊन येते. १९७७ मध्ये पियाजे ऐंशी ओलांडलेले होते. बाळ समोरच्याच्या शरीराशी नाते जुळवून जन्मते, की ते नाते स्वतः कमावते, हा प्रश्न आता ऐरणीवर आला.

वाद मात्र तेथे संपला नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शंभराहून अधिक बाळांचा पहिल्या काही आठवड्यांत वारंवार अभ्यास केला आणि नवजात अनुकरणाचा ठोस पुरावा मिळत नसल्याचे जाहीर केले. मेल्टझॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अभ्यासाच्या पद्धतीवर हरकती घेतल्या. जीभ बाहेर काढणे ही बाळाची कुतूहलाची वा उत्तेजनेची सर्वसाधारण प्रतिक्रिया असू शकते, असे मानणारे अभ्यासक आजही आहेत. ज्या मुद्द्यावर पियाजे सपशेल चुकले असे समजले जात होते, तेथे निकाल अद्याप लागलेला नाही.

अंधारातले ठिपके

दुसऱ्या बाजूने आलेले संशोधन अधिक अनपेक्षित होते. स्वीडनमधील उप्साला येथील गुनार योहान्सन यांनी माणसांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्यांना अंधारात चालायला लावले आणि १९७३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. पडद्यावर फक्त मोजके हलते ठिपके दिसत, तरी पाहणाऱ्याला क्षणार्धात चालणारा माणूस ओळखू येई. ठिपके थांबले की तो माणूस नाहीसा होई. बाळांना हे ओळखता येते का, हे पाहिले गेले तेव्हा चार ते सहा महिन्यांची बाळे विस्कळीत ठिपक्यांपेक्षा चालत्या माणसाच्या ठिपक्यांकडे अधिक वेळ पाहतात, असे १९८२ मध्ये दिसून आले.

२००८ मध्ये इटलीतील फ्रांचेस्का सिमियाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम दोन दिवसांच्या बाळांना असे ठिपके दाखवले. ते माणसाचे नव्हते, चालणाऱ्या कोंबडीचे होते. बाळांनी ती चाल यापूर्वी पाहिलेली असणे शक्यच नव्हते, तरी त्यांची नजर सजीवाच्या हालचालीकडे अधिक ओढली गेली. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांतही अशीच ओढ आढळली आहे. म्हणजे सजीव हालचालीकडे वळणारी नजर ही बहुधा उत्क्रांतीने दिलेली ठेव आहे. पियाजे यांनी बाळाला दिलेल्या जन्मजात शिदोरीत चोखणे, पकडणे, पाहणे अशा प्रतिक्षिप्त क्रियांपलीकडे फार काही नव्हते. ती शिदोरी त्यांच्या अंदाजापेक्षा भरलेली निघाली.

हाताकडून डोळ्यांकडे

मग पियाजे यांचे काय उरले? त्याचे उत्तर एका साध्या प्रयोगात सापडते. तीन महिन्यांच्या बाळाला वस्तू नीट पकडता येत नाही. जेसिका सॉमरव्हिल, अमांडा वुडवर्ड आणि एमी नीडहॅम यांनी अशा बाळांच्या हातात चिकटपट्टीचे मोजे घातले. हात खेळण्याला लागला की खेळणे चिकटून वर येई. काही मिनिटांच्या या अनुभवानंतर बाळांना दुसऱ्या व्यक्तीचा खेळण्याकडे जाणारा हात दाखवण्यात आला. तो हात कशासाठी पुढे जातो आहे, हे या बाळांच्या लक्षात येत असल्याची चिन्हे त्यांच्या पाहण्याच्या रीतीत दिसली. ज्या बाळांना आधी हा अनुभव मिळाला नव्हता, त्यांच्यात ती दिसली नाहीत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने सुचवले ते असे, की स्वतःच्या हाताने काही साधले की दुसऱ्याच्या हाताचा अर्थ उमगू लागतो.

उप्साला येथेच २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वस्तू उचलून भांड्यात टाकणाऱ्या माणसाकडे पाहताना वर्षभराच्या मुलांची नजर हात पोहोचण्याआधीच भांड्यावर गेली. सहा महिन्यांच्या बाळांची नजर हाताच्या मागे राहिली. आपल्या हाताने वस्तू भांड्यात टाकण्याचा खेळ मुलांना जमू लागतो तो या दोन वयांच्या दरम्यान. मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या नोंदींतूनही याच दिशेचा पुरावा पुढे आला. चौदा महिन्यांचे मूल कोणाला हाताने वस्तू दाबताना पाहते, तेव्हा त्याच्या मेंदूत हाताशी संबंधित भागावरील लहरी अधिक बदलतात. तीच क्रिया पायाने केलेली पाहिली, तर पायाशी संबंधित भागावरील लहरी. मूल स्थिर बसलेले असते, पण पाहिलेली हालचाल त्याच्या मेंदूत स्वतःच्या शरीराच्या नकाशावर उमटते.

इटलीतील पार्मा येथे नव्वदीच्या दशकाच्या आरंभी माकडांच्या मेंदूत आरसा-पेशी सापडल्यानंतर अशा संशोधनाला वेग आला. त्या पेशी एखादी क्रिया स्वतः करताना आणि तीच क्रिया दुसऱ्याने केलेली पाहताना, दोन्ही वेळी जाग्या होतात. मानवी अर्भकात अशा पेशी प्रत्यक्ष मोजल्या गेलेल्या नाहीत, त्यामुळे येथे सावधपणे बोलणे भाग आहे. परंतु पाहणे आणि करणे ही एकाच मुळाची दोन अंगे आहेत, हे पियाजे यांनी कोणत्याही यंत्राविना, आगपेटी व बाहुल्यांच्या आधारे धरले होते. बाळ जगात कधी व किती तयारीनिशी येते, यात त्यांचा हिशेब चुकला. ते कोणत्या वाटेने पुढे जाते, यात त्यांनी धरलेली दिशा बऱ्याच अंशी योग्य ठरली.

अखेरचा काळ

१९२९ मध्ये जिनिव्हाला परतल्यावर पियाजे यांनी तेथे आयुष्याची पन्नास वर्षे काढली. आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाचे ते दीर्घकाळ संचालक होते. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठातही १९५२ ते १९६३ या काळात त्यांनी अध्यापन केले. ज्ञान कसे घडते याचा अनेक शास्त्रांच्या सहयोगाने शोध घेणारे केंद्र त्यांनी १९५५ मध्ये जिनिव्हात उभारले. १९७२ मध्ये इरॅस्मस पुरस्कार आणि १९७९ मध्ये बाल्झन पुरस्कार त्यांना मिळाला. डोक्यावर बेरे टोपी, तोंडात पाईप, वाहन म्हणून सायकल आणि कागदांच्या ढिगाऱ्यांनी भरलेली अभ्यासिका, हे त्यांचे चित्र जिनिव्हाकरांच्या ओळखीचे झाले होते. चिंतनासाठी ते डोंगरवाटांवर एकट्याने लांबवर चालत.

१६ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे जिनिव्हात निधन झाले. आपल्या सिद्धान्ताला पूर्णत्व आले असे त्यांनी मानले नाही. अखेरपर्यंत ते त्यात दुरुस्त्या करत राहिले. आज अर्भकांच्या प्रयोगशाळांत नजरेचा माग घेणारी यंत्रे आहेत, डोक्यावर हलकी जाळी घालून मेंदूच्या लहरी टिपण्याची सोय आहे. तरीही दुसरा माणूस हात हलवतो तेव्हा बाळाला त्यात नेमके काय दिसते, हा प्रश्न बऱ्याच अंशी तेथेच उभा आहे. घराघरांत बाळाला मांडीवर घेऊन टाळी शिकवताना, डोळे मिचकावून हसवताना मोठी माणसे जे करतात, ते बाळासाठी केवळ मनोरंजन नसते. आधी ते पाहते, मग धडपडते, चुकते, डोळ्यांऐवजी तोंड उघडते. त्या चुकीवर नुसते हसून पुढे न जाता, तिथे थांबून पाहणे पियाजे यांनी शिकवले.